हलक्या गोणीचा जड धक्का

पृथ्वीवर जी गोणी तीनशे किलो भरते, ती चंद्रावर स्प्रिंगच्या काट्याला अडकवली तर जेमतेम पन्नास किलो भरते. मग तीच गोणी घेऊन निघालेला ट्रॅक्टर चंद्रावर नाकावर का पडावा?

हा प्रश्न यामिनी जगदाळेला तिथल्या तिथे पडायला हवा होता. पण ती केबिनमध्ये पट्ट्याला लोंबकळत होती, समोरच्या काचेतून राखाडी जमीन तिला अगदी जवळून दिसत होती, आणि तिच्या मनात एवढेच आले की कुणी थोडा वेळ असेच राहू दिले तर डोळा लागेल. इतकी ती दमली होती.

ट्रॅक्टरची मागची चाके हवेत गेली होती. ती सावकाश खाली येऊ लागली. चंद्रावर कोणतीच वस्तू घाईने पडत नाही. चाके जमिनीला टेकली. आवाज काहीच झाला नाही, कारण बाहेर हवाच नाही. फक्त पाठीला दणका बसला. फोर्कच्या लांब सुळ्यांवरची गोणी पुढे घसरून फुटली होती.

"यामिनी, लागलं का गं?" कानात मुजावरबाईंचा आवाज आला. शबाना मुजावर या वस्तीच्या प्रमुख, मूळच्या मिरजेच्या.

"मला काही झालं नाही, बाई. गोणी फुटली."

"गोण्या ढीगभर आहेत, ट्रॅक्टर एकच आहे. आणि तूही एकच आहेस. आत ये बघू आधी."

ही वस्ती होती चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ. तिथे सूर्य कधी माथ्यावर येत नाही. तो क्षितिजाला चिकटून फिरतो आणि एवढ्याशा दगडाचीही सावली लांबच लांब पडते. वस्तीच्या मधोमध 'कोठी' नावाची एक खोली होती. तिच्याभोवती चंद्राच्या मातीने भरलेल्या गोण्यांची जाड भिंत रचलेली होती. सूर्यावर मोठा स्फोट झाला की तिथून अतिशय वेगवान कण सुटतात. त्याला सौरवादळ म्हणतात. पृथ्वीवर माणसाला हवेचे आणि चुंबकीय क्षेत्राचे पांघरूण असते. चंद्रावर ते नाही, म्हणून मातीच्या आड बसायचे.

आणि नेमकी याच आठवड्यात जमीन हादरली. चंद्रकंप तसा मोठा नव्हता, पण कोठीची उत्तरेकडची भिंत कोसळली. गोण्या उतारावर विखुरल्या. तेव्हापासून वस्तीतली सगळी माणसे अवकाशपोशाख चढवून, पाळ्या लावून गोण्या ओढत होती. पोशाखाचे हातमोजे इतके ताठ की मूठ वळताना बोटे भरून येत. त्यातच काल सूर्याकडे नजर ठेवणाऱ्या यानाने इशारा दिला की मोठे वादळ निघण्याची चिन्हे आहेत. म्हणजे उद्यापर्यंत भिंत उभी राहायलाच हवी होती.

जेवणाच्या खोलीत काही माणसे वाटीसमोरच पेंगत होती. यामिनीने खिचडीची वाटी समोर ओढली आणि तशीच बसून राहिली. पलीकडच्या बाकावर तिची भाची अबोली गणिताची उदाहरणे सोडवायचे सोंग करत होती. अकरा वर्षांची अबोली आईबाबांबरोबर इथे येऊन वर्ष होत आले होते. तिचे बाबा, म्हणजे यामिनीचे भाऊ, आत्ता बाहेरच्या पाळीवर होते.

मुजावरबाई यामिनीसमोर येऊन बसल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"ट्रॅक्टरला पुढे काय लावायचं ते एकदाच ठरव," त्या म्हणाल्या. "अवजार अडकवायच्या खिळींमध्ये धूळ बसलीय. एक अवजार काढून दुसरं चढवायचं म्हणजे दोन माणसं बाहेर अडकतात. पुन्हा बदलायला माणसं नाहीत माझ्याकडे."

खिडकीबाहेर तिन्ही अवजारे दिसत होती. ट्रॅक्टर लहानसाच होता. पृथ्वीवर द्राक्षबागेत दोन ओळींमधून जातो तेवढा. त्याच्या पुढच्या दोन लोखंडी हातांना लोडर म्हणतात आणि लोडरच्या टोकाला हवे ते अवजार अडकवता येते. आत्ता त्याला फोर्क लावलेला होता, म्हणजे दोन लांब सरळ सुळे. बाजूला बकेट पडली होती, घमेल्याची मोठी बहीण. तिसरा होता पंजा. त्याचा वरचा जबडा मिटला की मधली वस्तू गच्च धरली जाते.

"फोर्क नको एवढं कळलं," यामिनी म्हणाली. "बाकीचं सुचत नाहीये, बाई. जरा पाच मिनिटं द्या."

बाई उठून गेल्या. अबोली सरकत सरकत शेजारी आली.

"आत्या, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"रागवायलाही ताकद लागते गं. विचार."

"हाच ट्रॅक्टर पृथ्वीवर असताना एवढीच गोणी उचलायचा ना? तू व्हिडिओ दाखवला होतास. तिथं तर गोणी सहापट जड होती. तिथं उलटला नाही, आणि इथं हलकी असताना उलटला. असं कसं?"

खरे तर यामिनीला उत्तर द्यायचे नव्हते. तिला टेबलावर डोके टेकायचे होते. पण पोरीचा प्रश्न बिनतोड होता. तिने अबोलीची फूटपट्टी घेतली, एक वाटी उपडी केली आणि तिच्यावर फूटपट्टी तोलून धरली.

"ही वाटी म्हणजे ट्रॅक्टरची पुढची चाकं. हा झाला टेकू (ज्याच्यावर सगळा तोल सांभाळायचा तो आधार). इकडे पुढे गोणी, तिकडे मागे ट्रॅक्टरचं धूड. दोन्हीकडून ओढाताण चालू असते. आता बघ."

तिने मागच्या बाजूला, टेकूच्या जवळ तीन शेंगदाणे ठेवले. पुढच्या बाजूला एकच शेंगदाणा ठेवला, पण तिप्पट लांब. फूटपट्टी डुगडुगली आणि आडवी थांबली.

"एकच दाणा तिघांना पुरून उरला!" अबोली म्हणाली.

"कारण तो लांब आहे. टेकूपासून ओझं जितकं लांब, तितका त्याचा जोर जास्त. याला तरफ म्हणतात. फोर्कचे सुळे लांब, गोणी त्यांच्या टोकाकडे, म्हणून तिचा जोर वाढला. बकेटमध्ये किंवा पंज्यात तीच गोणी चाकांच्या जवळ राहते."

"हं. पण फोर्क तर पृथ्वीवर पण लांबच होता."

यामिनीने पट्टीवरच्या दाण्यांवर बोट टेकवले. मग म्हणाली, "हो. आणि हे शेंगदाणे पृथ्वीवर नेले तरी पट्टी अश्शीच आडवी राहील. चंद्राचं गुरुत्वाकर्षण (चंद्राची आपल्याकडे खेचायची ताकद) पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढं. पण ते गोणीलाही कमी खेचतं आणि ट्रॅक्टरलाही कमीच खेचतं. दोघांचं वजन सारखंच घटलं. तोल होता तिथंच."

"म्हणजे हलकं झाल्याचा फायदाही नाही आणि तोटाही नाही. मग उलटला कशानं?"

"तेच तर," यामिनी डोळे चोळत म्हणाली. "तेच कळत नाहीये."

दोघी त्या पट्टीकडे बघत बसल्या. अबोलीने खालचा ओठ दातांत धरला होता.

"मी पण आज पडले," ती जराशाने म्हणाली. "कुणाला सांगितलं नाही. बाबांसाठी पाण्याचा कॅन घेऊन पळत होते. इथं तो हलका लागतो ना, म्हणून. दारापाशी थांबायला गेले, तर मी थांबले आणि कॅन थांबेचना! मला ओढतच घेऊन गेला. भिंतीवर आपटले. बघ." तिने कोपर दाखवले. चांगलेच काळेनिळे झाले होते.

यामिनी ताठ बसली.

"काय म्हणालीस? कॅन थांबेना?"

"हो. उचलताना हलका आणि थांबवताना जडच्या जड."

"अगं बाई!" यामिनीने कपाळावर हात मारला. "वजन कमी झालंय, वस्तुमान नाही! वस्तुमान म्हणजे त्या कॅनमध्ये पाणी किती आहे ते. चंद्रावर आणलं म्हणून पाणी थोडंच कमी होतं? आणि चालत्या वस्तूला चालतंच राहायचं असतं, थांबलेलीला थांबूनच राहायचं असतं. हे जडत्व (आहे त्या अवस्थेत राहण्याचा वस्तूचा हट्ट). तो हट्ट वस्तुमानावर ठरतो. तो चंद्रावरही पुरेपूर तेवढाच असतो."

"म्हणजे गोणी पण…"

"मी जुन्या सवयीनं, पृथ्वीवरच्या वेगानं चालले होते. दमले की हात जुन्या सवयीनंच चालतात. सावलीत एक दगड होता, तो दिसला नाही. पुढचं चाक त्याला अडलं. ट्रॅक्टर थांबला, गोणी थांबेना. पुढं जायचा तिचा धक्का पृथ्वीवर होता तेवढाच, आणि मागची चाकं खाली दाबून धरणारं वजन मात्र सहावा हिस्सा. मग चाकं उचलणार नाहीत तर काय होईल?"

ती उठली. पाय जड झाले होते, पण डोके आता चालायला लागले होते.

मुजावरबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि भुवया चढवल्या. "पंजा म्हणतेस? तो स्वतःच एका गोणीएवढा आहे. त्याचं ओझं लोडरला आधीच वाहावं लागणार. एका वेळी दोन गोण्यांऐवजी एकच येईल. फेऱ्या दुप्पट."

"फेऱ्या वाढतील, पण फेऱ्या ट्रॅक्टर मारणार आहे," यामिनी म्हणाली. "बकेटमध्ये गोणी कुणीतरी ढकलून घालायला हवी. फोर्कसाठी गोणीखाली फळी सारायलाही माणूस हवा. पंजा स्वतः उचलतो आणि स्वतः रचतो. बाहेर कुणी उभं राहायला नको. बाई, माणसांचे हात गळालेत. मघाशी दादाला पोशाखाची चेन लावता येईना."

बाईंनी स्वतःच्या सुजलेल्या बोटांकडे पाहिले.

"आणि मागे प्रतिभार लावू (पुढच्या ओझ्याला तोलायला मागे लटकवलेलं वजन). मातीच्या गोण्याच बांधू मागे. ओझं जमिनीपासून वीतभरच उचलायचं आणि गोगलगाईच्या चालीनं चालायचं."

"आणि दगड?" अबोलीने विचारले. "सावलीतला दगड परत दिसला नाही तर? मी मागच्या चाकाच्या कॅमेऱ्यावर बसू का? चाक उचललं की लगेच सांगेन."

बाईंनी यामिनीकडे पाहिले. यामिनीने होकारार्थी मान हलवली.

पंजा चढवायला आणि मागे गोण्या बांधायला दोन माणसे गेली, बाहेर जाणारी तीच शेवटची. खिळीतली धूळ काढता काढता एकाच्या हातातला ब्रश दोनदा गळून पडला. मग सगळ्यांना आत बोलावले आणि यामिनी एकटी केबिनमध्ये चढली.

काम फार कंटाळवाणे होते. जायचे, जबडा उघडायचा, गोणी धरायची, वीतभर उचलायची, सावकाश वळायचे, भिंतीवर ठेवायची, परत जायचे. कानात अबोलीचा आवाज येत होता, "टेकलंय. टेकलंय. आत्या, टेकलंय." मधूनच तो आवाज पेंगुळायचा आणि मग एकदम मोठा व्हायचा.

उतारावरच्या एका फेरीत पुढचे चाक पुन्हा कशावर तरी आपटले. पंज्यातली गोणी पुढे झुकली.

"आत्या! उचललं!" अबोली ओरडली. "बोटभर! …नाही, टेकलं. टेकलं गं!"

यामिनीने हात स्टीअरिंगवरून काढून क्षणभर मांडीवर ठेवले. मागच्या गोण्यांनी आणि गोगलगाईच्या चालीने ट्रॅक्टर सांभाळून धरला होता. ती मागे सरकली, दगडाला वळसा घातला आणि पुढे निघाली.

शेवटची गोणी बसली तेव्हा आनंदाने ओरडायलाही कुणात त्राण उरले नव्हते. मुजावरबाई एवढेच म्हणाल्या, "झालं. चला सगळे कोठीत."

वादळ आले तेव्हा दिसले काहीच नाही, ऐकूही काही आले नाही. भिंतीवर कणांच्या माऱ्याचे दोन आकडे होते, एक बाहेरचा आणि एक आतला. बाहेरचा आकडा चढत गेला, चढतच गेला. आतला थोडासा हलला आणि थांबला. मुजावरबाई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी भिंतीला पाठ टेकली. यामिनीचे भाऊ बसल्या जागीच घोरू लागले होते.

अबोली आत्याच्या कुशीत शिरली.

"आत्या, मंगळावर वस्ती होणार आहे ना? तिथं पण ट्रॅक्टर नेतील?"

"नेतील की."

"तिथलं गुरुत्वाकर्षण किती?"

"पृथ्वीच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त," यामिनी डोळे मिटून म्हणाली.

"म्हणजे तिथं मागची चाकं इथल्यापेक्षा जास्त घट्ट बसतील. पण पृथ्वीएवढी नाही. म्हणजे इथल्यापेक्षा जरा जोरात चालवता येईल, पृथ्वीवरच्यापेक्षा मात्र हळूच. बरोबर ना, आत्या?"

उत्तर आले नाही. यामिनीचा श्वास संथ लागला होता. अबोलीने क्षणभर वाट पाहिली, मग स्वतःशीच मान डोलावली. उत्तर बरोबर होते, ते सांगायला आता कुणाला उठवायची गरज नव्हती. लाल मातीवरून जाणारा एक छोटा ट्रॅक्टर डोळ्यांसमोर आणता आणता तिलाही झोप लागली.