रिकाम्या धावपट्टीवरची उसळी

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथेच थांबा, वाद घालायची माझी इच्छा नाही.

माझा दादा आमच्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकवायचा. मीही त्याच्याकडेच शिकले. उतरताना विमान आपटून उसळलं, की नवशिके घाबरून त्याचं नाक खाली दाबतात. मग ते आणखी जोरात आपटतं. मी एकदा तसं केलं, तेव्हा दादा केवढ्यांदा ओरडला होता!

"नाक दाबू नकोस गं बाई! सरळ धर आणि पूर्ण थ्रॉटल दे, इंजिनाला सगळी ताकद!"

आणि तोच दादा एका संध्याकाळी एकटा उतरताना उसळला, कोसळला आणि गेला. विमान जळून खाक झालं.

"घाबरला. नाक दाबलं, थ्रॉटल दिलाच नाही," क्लबचे मालक सांगत सुटले. चौकशीत तेच. आईच्या तोंडावरसुद्धा तेच सांगितलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादा घाबरला म्हणे!

महिन्याभराने, दिवेलागणीला, मी विमानं ठेवायच्या हँगरचं दार लावत होते. वारा पडलेला. धावपट्टीवर चिटपाखरू नाही.

आणि...

टायर घासल्याचा आवाज.

मग काहीच नाही... विमान हवेत असावं तेवढा वेळ.

पुन्हा टायर आपटले.

लगेच इंजिन पूर्ण ताकदीने गरजलं... खोकलं... बंद पडलं.

कोसळण्याचा आवाज आलाच नाही.

भीती नंतर वाटली, आधी संतापच आला. थ्रॉटल दिला होता त्याने!

दुसऱ्या संध्याकाळी काहीतरी थाप मारून मालकांना तिथे नेलं.

"काय तमाशा आहे हा?" ते खेकसले.

"गप्प उभे राहा, साहेब."

टायर घासले... शांतता... पुन्हा आपटले... इंजिन गरजलं.

मालक पांढरेफटक पडले. कान झाकून पुटपुटले, "आता खोकणार... आता बंद पडणार..."

तसंच झालं.

"तुम्हाला कसं माहीत?" मी त्यांची कॉलरच धरली.

"तो सांगत होता गं... इंजिन बंद पडतंय म्हणून. मीच म्हटलं, दुरुस्ती नंतर बघू, हा हंगाम तसाच काढ."

सकाळी साहेबांनी सरळ कानांवर हात ठेवले. मी असं काही बोललोच नाही, म्हणाले. निर्लज्ज माणूस!

आवाज अजून येतो. मी रोज जाते.

कालपासून मात्र इंजिन बंद पडलं, की धावपट्टीवरून पावलं चालत येतात... आणि माझ्या पाठीशी थांबतात.

मी वळत नाही. त्याने विचारलं तर काय सांगू? अजून सगळे तुलाच दोष देतात म्हणून?