मन्नतीचा मलीदा

खुबूस चुरता चुरता सुरय्याचे हात थबकले... परसदारी चपला वाजल्या होत्या, आणि ही तर अयूबची भट्टीवर असायची वेळ! तिने परातीवर ओढणी टाकली. एवढी परात कुठे ओढणीखाली मावते, पण घाबरलेल्या माणसाला मापं कळत नाहीत.

लेकीच्या, अलिझाच्या, जन्माआधीपासून मस्कतच्या बेकरीत राबलेला तिचा नवरा गेल्या वर्षी कायमचा हर्णेला परतला होता. अलिझा आता चिपळूणला कॉलेजात शिकते, म्हणजे बघा किती काळ लोटला! दोन-दोन वर्षांनी महिनाभरासाठी यायचा आणि निघताना बॅगेची चेन ओढायचा, त्या आवाजाने सुरय्याच्या काळजाला घरं पडली होती. परतल्यावर त्याने बंदराच्या रस्त्याला भट्टी लावली आणि अरबांची ती गोल, मऊ रोटी, खुबूस, भाजायला घेतली. "रमजानपर्यंत चाललं तर ठीक, नायतर मस्कतचा शेठ बोलावतोच आहे," असं तो सहज बोलून गेला... आणि त्या सहज बोलण्याने तिची झोप उडाली.

सकाळी तो भाजायचा, संध्याकाळी गल्ल्यावर ती बसायची. गावाने खुबूस कौतुकाने उलटापालटा करून पाहिला आणि चहात बुडवायला नरम पाव मागितला. जेवायला घरोघरी तांदळाची भाकरी होतीच. निम्मी टोपली उरायची, आणि अयूबने विचारलं की ती म्हणायची, सगळे संपले. हे खोटं गल्ल्याशी जुळावं म्हणून त्याने आणलेल्या सोन्याच्या बांगड्या 'पॉलिशला' गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. आणि सगळे संपतात म्हटल्यावर तो भाबडा जीव दुसऱ्या दिवशी पीठ वाढवायचा! माया माणसाला असं खड्ड्यात घालते...

शिळा खुबूस म्हणजे चामडं. तिने तो चुरून तूप-गूळ घातला, मलीदा केला आणि शेजारीपाजारी मन्नतीचा म्हणून वाटला. मन्नतीचं कुणी नाकारत नाही, आणि कसली म्हणून खोदून विचारतही नाही.

एक सगुणाबाई सोडून. बंदरावर मासळी विकणाऱ्या या बाईने आज अयूबला रस्त्यात गाठून मलीद्याचा रिकामा डबा त्याच्या हाती दिला होता आणि वर सुनावलं होतं, की आम्हीही आंजर्ल्याच्या गणपतीला नवस बोलतो, पण रोज फेडावा लागेल एवढं तुझ्या बायकोने मागितलंन तरी काय?

तो डबा घेऊन अयूब दारात उभा होता. त्याने ओढणी दूर केली. परातीतला चुरा पाहिला, मग तिची ओकी मनगटं... आणि त्याला सगळं उमगलं.

"मला का नाय सांगितलंस?"

सुरय्याचा बांध फुटला. "खपत नाय हे कळलं असतं तर तुमी बॅग भरली असती. दारात उभी राहून निरोप देऊन देऊन दमले मी, अलिझाच्या अब्बा... आता नाय देववत."

अयूब तिच्यासमोर जमिनीवरच बसला. मग परातीतला एक घास तोंडात टाकून म्हणाला, "गूळ जास्त झालाय."

आणि मग अगदी हळू आवाजात त्याने सांगितलं, की भट्टी लावली त्याच दिवशी त्याने शेठला नाही म्हणून कळवलं होतं. धंदा बुडाला तरी घर बुडणार नाही, असा हिला धीर वाटावा, म्हणून शेठचं नाव घेतलं होतं, एवढंच!

ती डोळे पुसता पुसता हसू लागली... त्या धीरानेच तर तिचा जीव निम्मा केला होता!

"मन्नत काय मागितली होतीस?"

"तुमी घरी राहावंत."

"मन्नत पुरी झाल्यावर वाटतात, वेडे," तिचं रिकामं मनगट हातात धरून तो म्हणाला, "आणि ही तर तू बोलायच्या आधीच पुरी झालेली. उद्यापासून नरम पाव भाजतो. खुबूस थोडेच."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीपूर्वीच पावाची टोपली रिकामी झाली. तेवढ्यात सगुणाबाई घासूनपुसून लख्ख केलेला दुसरा डबा घेऊन हजर झाल्या. सुरय्याने लाजत सांगितलं, की मन्नत पुरी झाली, आता मलीदा नाही.

सगुणाबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा रिकाम्या डब्याकडे.

"इतक्यात कशाला पुरी झाली गो?"