दाजी थोडे थोडे सगळीकडे

दिवा जरा पुढे ओढा, म्हणजे सांगतो.

ताईच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं, म्हणून एक दिवस दाजींना सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. दाजी म्हणजे ताईचे यजमान, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. निघताना ताई म्हणाली, “जेवण झाकून ठेवलंय. आणि थोड्या थोड्या वेळाने त्यांना हाक मारत जा, ‘कुठे आहात?’ म्हणून. विसरू नकोस.”

लग्न झाल्यापासून ती घरभर हेच विचारत फिरायची. मला वाटलं, बिचाऱ्यांना एक दुपार तरी शांतता मिळू दे.

जेवण झाल्यावर दाजी आरामखुर्चीत रेलले आणि शिकवू लागले. मी पडलो शिंपी, पण त्यांना श्रोता कुठलाही चालतो.

“कण एका जागी असतो हा आपला गैरसमज,” ते म्हणाले. “कुणी बघेपर्यंत त्याची नुसती लहर पसरलेली असते. लांब जावं तशी ती विरत जाते. पण पुरती संपत कुठेच नाही. अगदी अनंतापर्यंत थोडी थोडी उरतेच.”

“मग तो असतो कुठे?”

“बघाल तेव्हा सापडेल तिथे. आणि कुणी बघितलंच नाही, तर...”

त्यांचा डोळा लागला. मी दार लोटून बाहेरच्या खोलीत पडलो.

जाग आली ती त्यांच्या खोकल्याने. खोकला न्हाणीघरातून आला. तिथे कुणी नव्हतं. मग माळ्यावरून आला. मग पिठाच्या डब्यातून, अगदी हलका. आत आरामखुर्ची रिकामी. घरभर खडूचा वास, प्रत्येक कोपऱ्यात सारखाच, पातळ.

फोन वाजला. परगावची आत्या होती.

“तुझे दाजी इकडे यायचे होते का रे?” ती कुजबुजली. “आमच्या जिन्यात उभे आहेत... म्हणजे अख्खे नाहीत. थोडेसेच.”

मी ताईला फोन लावला. ती रागावली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

“हाक मारली नाहीस ना? फोन खुर्चीजवळ धर.”

मी धरला.

“अहो... कुठे आहात?”

मग नळातून, भिंतीतून, कपाटातून एकच शब्द आला. “आलो...” काही आवाज कानाशी, काही फार लांबचे. सगळ्यात लांबचा तर येता येताच विरला.

“अहो, सगळेच्या सगळे या,” ताई म्हणाली. “मला डोळ्यांनी दिसत नाहीये. माझी अशी थट्टा करू नका.”

खुर्ची करकरली. दाजी तिच्यात बसलेले होते, चष्मा नाकावर, चेहरा त्रासलेला.

“काय कटकट आहे,” ते म्हणाले. “इथेच तर होतो.”

मी त्यांचा हात घट्ट धरला. बर्फासारखा होता. मुठीत एक काळा खडा होता, त्याहूनही गार. कुठून आला, ते त्यांना सांगता येईना.

ताई घरी आली. आता ती जास्तच हाका मारते, आणि दाजी निमूटपणे ओ देतात. खडा उन्हात ठेवला तरी तापत नाही, म्हणून ती त्यावर दुधाचं पातेलं ठेवते. दूध नासत नाही, म्हणून खूश आहे.

परवा गेलो होतो तेव्हा मी पातेलं उचललं. खाली दोन खडे होते.

ताई म्हणते, तिने आणला नाही. दाजी म्हणतात, ते घराबाहेर पाऊलसुद्धा टाकत नाहीत. दुसरा खडा ओला होता, आणि त्याला खडूचा वास येत होता.