इंदूकाकूची कॉलर ट्यून

या, जरा जवळ सरकून बसा. मोठ्यानं सांगण्यासारखी गोष्ट नाही ही.

पण खरी आहे. देवाशपथ. मी, क्षमा, या कानांनी ऐकली आहे.

रायपूर, पुरानी बस्ती. गेल्या कार्तिकातली दिवेलागणीची वेळ.

त्याआधी थोडं मागचं सांगते. माझे नीलकंठकाका कीर्तनकार. जवळच्याच तात्यापारा वस्तीतल्या मंदिरात त्यांचं शेवटचं कीर्तन झालं. पूर्वरंग संपला, बुक्का लागला, गळ्यात हार पडला. आता उत्तररंग, म्हणजे कथा सुरू होणार...

काका चिपळ्या घेऊन उभे होते. तसेच खाली बसले.

पुन्हा उठलेच नाहीत.

प्रत्येक कीर्तनाच्या शेवटी ते आरतीसाठी काकूला हाक मारायचे, "इंदू, ताट आण." त्या दिवशी ती हाक आलीच नाही. ताट तसंच राहिलं.

त्याच पूर्वरंगाच्या रेकॉर्डिंगमधला एक तुकडा मी नंतर काकूच्या मोबाइलवर कॉलर ट्यून म्हणून लावून दिला होता. फोन करणाऱ्याला काका गाताना ऐकू यायचे. काकूला मात्र नाही. म्हणून ती शेजारच्या यामिनीच्या फोनवरून स्वतःचाच नंबर लावायची. आणि नुसती ऐकत बसायची.

पुढे त्या कंपनीचं नेटवर्क घरात येईनासं झालं. काकू न्हाणीत पडली. जवळ फोन होता, पण कोणालाच लागेना. मी म्हटलं, नंबर दुसऱ्या कंपनीत नेऊ.

"काहून? मले नाही बदलवायचं," काकू म्हणाली. "त्यांचा आवाज जाईल न वं."

मोबाइलच्या दुकानातली पोट्टीही तेच म्हणाली. "दीदी, नंबर पोर्ट होता है, ट्यून नहीं."

काकू रडली. मी तरी कंपनी बदलायचा कोड मागवला.

त्या संध्याकाळी जुनं सिम बंद पडलं. नवं अजून चालू झालं नव्हतं. फोन देवघरापाशी, काकूच्या मांडीवर. नेटवर्कची एक रेघ नाही.

बघावं म्हणून मी माझ्या फोनवरून नंबर लावला.

लागला...

काकूच्या मांडीवरचा फोन गप्प. आणि माझ्या कानात चिपळ्या.

मग काकांचा आवाज.

"तर मंडळी, आता कथेकडे वळू."

त्या शेवटच्या कीर्तनात हे वाक्य तोंडून निघायच्या आधीच ते गेले होते.

दुसऱ्या दिवशी नवं सिम चालू झालं. मी कस्टमर केअरला तक्रार केली. पुन्हा केली. प्रत्येक वेळी तेच उत्तर, "मॅम, इस नंबर पर कोई ट्यून चालू ही नहीं है."

पण नंबर लावला की कथा पुढे सरकायची. जिथे थांबली होती, तिथूनच.

आणि काकू रोज ऐकायची. यामिनीच्या फोनवरून.

"काकू, नको ऐकू," मी हात जोडले.

"अवं, अर्ध्या कीर्तनातून उठते का कोणी? तूच तं सगळ्यांले सांगून राहते!"

खरं आहे. आरती झाल्याशिवाय मी आजवर कधी उठलेली नाही.

मागच्या आठवड्यात मी शेवटचा फोन लावला. कथा संपली होती. भैरवी चालली होती. मग तीही थांबली...

चिपळ्या थांबल्या.

फक्त श्वास. हाक मारण्याआधी मान वळवून काकूला शोधायचे ना, तेवढाच थांबा.

मी फोन कापला.

आता आमच्यातलं कोणी तो नंबर लावत नाही. मी यामिनीलाही सांगून ठेवलंय, काकूला फोन द्यायचा नाही. नेटवर्क आता छान येतं. तरी मी रोज चालत जाऊन काकूला बघून येते.

काल गेले तर ती दारातच उभी. ठेवणीतलं लुगडं. हातात घासून लख्ख केलेलं ताट, त्यात निरांजन तेवत होतं.

"यामिनी फोन देऊन नाही राहिली," ती हसून म्हणाली. "तुझा दे न वं. एकच डाव."

मी नाही दिला. चूक केली का बरोबर, पांडुरंगाला ठाऊक.

एवढं करा. आज दिवा लावाल तेव्हा नीलकंठबुवांची आठवण काढा. आणि इंदूकाकूची, जरा जास्त.

मनातल्या मनात. फोन नका लावू.