मी वाचतो, तुमी पाहा

“रूपा, मशीन फारम भरते, पाह्यत नाही. आपल्या डोयानं पाह्यत जा,” जानरावांनी लेकीला बजावलं होतं. रूपा हसली. मालेगावातलं तिचं ऑनलाइन केंद्र नवं, अर्ज भरणारी स्क्रिप्ट तिनंच लिहिलेली. शीटमधली नावं आपोआप पीडीएफच्या रकान्यांत जायची. चहा निवेपर्यंत अख्ख्या गावाचे आरोग्य कार्डाचे अर्ज तयार.

आणि एका दुपारी शिरपूरहून तो आला. काखेत हेल्मेट, ओठांत दाबलेलं हसू.

“म्याडम, तुमी माह्या आईचा नवरा बदलला.”

“...काय?”

“पाहा ना. हीराबाई, पती गोविंदसिंग. आमचे बाबूजी, केशरीचंद, सकायपासून घुश्शात हायेत. आई मातर खुश आहे.”

शीटमधला एक रकाना ओळभर सरकला होता. साऱ्या गावाचे नवरे शेजारणींकडे! रूपाचे कान तापले.

“दुरुस्त करते. तुम्ही जा.”

“एकटीनं कायले? मी वाचतो, तुमी पाहा.”

त्यानं, म्हणजे श्रेयांसनं, स्टूल ओढलं. तो नाव वाचायचा, ती स्क्रीनवर बघून म्हणायची, ‘बरोबर’. ते अर्ज संपले, तरी तो येतच राहिला... दुसऱ्या गावांची नावं वाचायला.

“पुढचं नाव वाचा. माझ्याकडं काय बघता?”

“तुमीच सांगितलं ना, बाबा म्हणतात, डोयानं पाहा म्हणून.”

दोघं लग्नाचं सांगायला शिरपूरला गेले, तेव्हा जैन देवळाजवळच्या आपल्या कापडदुकानात केशरीचंदांनी गादीवरूनच सांगितलं, “बौद्धाची पोरगी या घरात येनार नाही.”

रूपा विनवायला गेलीच नव्हती. लग्नाच्या नोटिशीचा अर्ज तिनं श्रेयांसच्या हातात दिला. “वाच.”

“वधू... रूपा जानराव.”

“बरोबर.”

“वर, श्रेयांस केशरीचंद.”

“बरोबर.”

“वराचा पत्ता—” त्यानं एकदा वडिलांकडे पाहिलं. “मालेगाव.”

रूपानं तोंड उघडायच्या आत आतल्या पडद्यामागून बाईचा आवाज आला, “बरोबर.”

तो हीराबाईंचा. त्या एका शब्दापायी त्यांना लेकाच्या घराची वाट बंद झाली. रूपा मात्र ऐकायची नाही. लेक झाल्यापासून तिला कडेवर घेऊन दुकानासमोर उभी राहते. केशरीचंद तोंड फिरवतात, पडदा हलतो, नात हात हलवते.

हल्ली पडदा हलत नाही. फोनवर हीराबाई म्हणतात, “बरी आहे मी.” आवाज बारीक झालाय.

शिरपूरला दर्शनाला गेलात, तर त्या दुकानात जरा डोकावा. बाहेरचे गिऱ्हाईक, तुम्हाला कोणी अडवणार नाही. हीराबाई ‘बरी आहे’ म्हणतील. तेवढ्यावर परत फिरू नका... डोळ्यांनी पाहा.