जुन्या दांडीचा सूर

यंत्रमागांना सुट्टी असली की सोलापूरची दुपार कशी ओकीबोकी वाटते. एरवी खडखडाटात शेजारचं माणूस बोललेलं कळत नाही, आणि त्या दिवशी पाल चुकचुकली तरी दचकायला होतं. सत्तर सालानंतरची गोष्ट. वैशाखातल्या अशाच एका दुपारी जगदेवी नवऱ्याची इलेक्ट्रिक गिटार चादरीत गुंडाळून सिदूच्या वर्कशॉपात आली. सिदू मागांचा फिटर. पण ऑर्केस्ट्रावाल्यांची वाद्यंही तोच नीट करायचा.

तिचा नवरा रुद्रप्पा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. अक्कलकोटचा कार्यक्रम करून येताना जीप उलटली. माणूस गेला, गिटार तेवढी घरी आली. माणूस पण काय हौशी होता म्हणता! कपाळाला विभूती लावायचा, त्याच बोटांनी वाजवायला बसायचा. एक सूर छेडून ब्रिजवरची, म्हणजे तारा अडकवायच्या पट्टीवरची दांडी हळूच दाबली की सूर लवायचा, थरथरायचा. ती जगदेवीला हाक असायची. ती चुलीपासून ओरडायची, "आले की!"

सासू चन्नम्मा करवादायची. "टळटळीत दुपारी एका हाकेला ओ देऊ नये गं. तीन हाका होऊ द्याव्या. कोण बोलवतंय, कुणाला ठावं!"

आता ब्रिज गंजला होता, दांडी दाबली जात नव्हती. जगदेवीला तो सूर हवा होता. एकदाच, कुणीही वाजवू दे, पण कानांवर पडू दे. त्यासाठी तिचा जीव नुसता तुटत होता.

सिदूनं तारा उतरवल्या, गंजका ब्रिज काढला, मागच्या स्प्रिंगा बदलल्या आणि मुंबईहून मागवलेला नवा ब्रिज बसवला. मग तो थांबला.

"वैनी, जुनी दांडी बसंना. आटे वेगळे हायत. नवी आलीय की संगट, ती लावतो."

"नगं, भावजी. त्यांचा हात हाय तिच्यावर. तीच लावा." तिनं पदर डोळ्यांना लावला.

"बरं, रडू नका. पलीकडच्या लेथवर आटे पाडून आणतो." धूळ नको म्हणून गिटारीवर चादर ओढून तो बाहेर पडला.

वर्कशॉपात तेलाचा आणि तापल्या पत्र्याचा वास कोंडला होता. जगदेवी बसून राहिली. हळूहळू तेलाच्या वासात दुसराच वास मिसळला... विभूतीचा.

आणि चादरीखालून सूर आला.

बारीक, लवलेला, थरथरता. जगदेवीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तारा समोर टेबलावर वेटोळं करून पडल्या होत्या! सासूचं बोलणं तिला आठवलं. आठवलं, पण दुसरी हाक आलीच नाही तर? इतके दिवस वाट बघून आता तिनं हाका मोजत बसायचं?

"आले की..." ती म्हणाली.

तिनं चादरीखाली हात घातला. दांडी हाताला लागली, गार, घामानं ओलसर. कुणीतरी दाबावी तशी ती सावकाश खाली गेली, तिचा हात घेऊन. जगदेवीनं डोळे मिटले. तिला भीती वाटत होती, तरी हात काढवत नव्हता.

दार वाजलं. सिदू घाम पुसत आत आला.

"झालं बघा काम. पडले आटे." त्यानं खिशात हात घातला आणि जुनी दांडी काढून तिच्यापुढं धरली.

जगदेवी दांडीकडे बघत राहिली. तिचा हात अजून चादरीखालीच होता.

"काय झालं, वैनी?"

तिनं हात बाहेर काढला. मूठ घट्ट होती. बोटांच्या फटींतून पांढरी विभूती झरत होती.

"लावू का दांडी?" सिदूनं विचारलं.

"थांबा, भावजी..." ती अगदी हळू बोलली. "त्यांनी अजून हात सोडला न्हाय."