पलीकडच्या बारा गाड्या

मिर्ना बेटावर गाडी चालवायला मनाई आहे, आणि चालवायची म्हटली तरी रस्ता नाही. त्यामुळे बेटावरच्या लोकांच्या गाड्या पलीकडे, किनाऱ्यावरच्या धक्क्याच्या आवारात उभ्या असतात. बारा घरांच्या बारा गाड्या. हिवाळ्यात महिना महिना कुणी तिकडे फिरकत नाही आणि बॅटऱ्या माना टाकतात. म्हणून तीन वर्षांपूर्वी फ्रानेनं सगळ्यांसाठी मिळून बारा छोटी सोलर पॅनेलं मागवली, प्रत्येक गाडीत काचेमागे ठेवली आणि त्यांची वायर सिगारेट पेटवायच्या खोबणीत खोचून दिली. तेव्हापासून एकही गाडी अडली नव्हती. फ्राने जहाजावर तीस वर्षं इंजिन सांभाळून निवृत्त झालेला माणूस. या पॅनेलांचा विषय निघाला की त्याची छाती दोन बोटं फुगायची.

फेब्रुवारीत तो मुद्दाम पलीकडे गेला. त्याच्या लेकीला, नीवेसला, नववा महिना लागला होता. जावई जहाजावर, ब्राझीलच्या वाटेवर. पहिलं बाळंतपण, त्यात मूल आडवं आहे असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. बेटावर ना दवाखाना ना सुईण. कळा सुरू झाल्या की होडीनं पलीकडे आणि तिथून गाडीनं झादर शहरातल्या इस्पितळात, एवढाच मार्ग. गाडी पहिल्या फटक्यात सुरू व्हायलाच हवी होती.

त्यानं आपल्या गाडीची बॅटरी मीटरनं मोजली. काठोकाठ भरलेली. मग सवयीनं मीटरची टोकं त्या खोबणीत घातली.

शून्य.

किल्ली फिरवली तर प्रवाह आला, काढली तर गेला. फ्रानेच्या कानशिलांवर घाम आला. किल्ली काढली की ही खोबण मेलेली असते, म्हणजे पॅनेलाची वीज बॅटरीपर्यंत पोचतच नव्हती. एवढी साधी गोष्ट त्यानं तीन वर्षांत तपासली नव्हती! त्यानं एकेक करून बाराही गाड्या पाहिल्या. तीन गाड्यांची खोबण जिवंत होती, नऊ गाड्यांची मेलेली. आणि त्या नऊच्या नऊ बॅटऱ्या भरलेल्या.

म्हणजे कुणीतरी गाड्या सुरू करत होतं.

आवाराचा राखणदार येरे आपल्या टपरीत कॉफी ढवळत बसला होता. फ्रानेनं बाराही किल्ल्या परत त्याच्या डोक्यावरच्या फळीला टांगल्या. अडीनडीला कुणीही कुणाची गाडी न्यावी, असा बेटाचा जुना रिवाज.

"काय रे, गाड्या भाड्यानं देतोस का आमच्या?" फ्रानेनं सरळ विचारलं.

"मी? बार्बा, मला तर चालवतासुद्धा येत नाही. अख्ख्या धक्क्याला ठाऊक आहे." इथे वडीलधाऱ्या माणसाला बार्बा, म्हणजे काका, म्हणतात.

"मग सुरू कोण करतं?"

येरेनं चमचा खाली ठेवला. "थट्टा करता का गरिबाची? तुम्हीच करता की."

"मी?"

"गेल्या मंगळवारी. एकेका गाडीत पाव तास बसलात. मी हाक मारली, कॉफी घ्या म्हटलं. मान वळवली नाहीत. म्हटलं, इंजिनापाशी राहून म्हाताऱ्याचे कान गेले."

मंगळवारी डोंगरावरून वारा सुटला होता. इथे त्याला बुरा म्हणतात. बुरा सुटला की होडी तर सोडाच, कोंबडीसुद्धा दाराबाहेर पडत नाही. फ्राने दिवसभर घरी पाळण्याला रंग देत बसला होता.

येरेच्या कपातून कॉफीपेक्षा दारूचाच वास जास्त येत होता. हा लेकाचा खोटं बोलतोय, फ्रानेच्या मनानं घेतलं. किलोमीटरचा आकडा गेल्या खेपेइतकाच होता हे खरं, पण आकडा काय, मागे फिरवता येतो. त्यानं आपल्या गाडीच्या पॅनेलाची वायर थेट बॅटरीला जोडली, नीट, जशी पहिल्या दिवशीच जोडायला हवी होती. मग फळीवरून स्वतःची किल्ली काढून खिशात घातली.

"किल्ली घरी नेता?" येरेचा चेहरा उतरला. "असं कुणी केलं नाही हो आजवर."

"मी करतोय."

दहा दिवसांनी पुन्हा बुरा आला. तीन दिवस लख्ख ऊन आणि कान फाडणारा वारा. तिसऱ्या दिवशी सकाळी नीवेसच्या कळा सुरू झाल्या. फ्राने खिडकी आणि खाट यांच्यात येरझारा घालत राहिला. इतका तो भर समुद्रात आग लागली तेव्हाही घाबरला नव्हता. दुपारी वारा जरा दमला, तशी शेजारच्या ब्लाझनं आपली होडी काढली.

पलीकडे पोचल्यावर फ्रानेनं लेकीला आधार देत गाडीत बसवलं आणि खिशातली किल्ली लावली.

काही नाही. साधा दिवासुद्धा लागला नाही.

त्यानं बॉनेट उघडलं. जोडण्या घट्ट. पॅनेलावर ऊन चमकत होतं, वायरीत वीज होती. तरी बॅटरी ठार मेलेली. जी एकच गाडी त्यानं बरोबर जोडली, तीच.

"येरे!" तो ओरडला. "काय केलंस माझ्या गाडीला?"

"हात नाही लावला, बार्बा! आईशप्पथ!" येरे टपरीतून धावत आला. "तुम्हीसुद्धा नाही लावलात. बाकीच्या अकरा केल्यात काल, हिला तेवढं सोडलंत."

फ्रानेचा हात उठला होता. तेवढ्यात नीवेस किंचाळली.

"माझी घ्या!" ब्लाझनं फळीवरची किल्ली आणून त्याच्या हातात कोंबली. ब्लाझची गाडी त्या नऊतली. पहिल्या फटक्यात सुरू झाली. ब्लाझ चांगला हातभर बुटका, पण आसन मागे सरकवलेलं होतं, फ्रानेच्या लांब पायांना बेताचं. आरसाही त्याच्याच डोळ्यांच्या उंचीला.

विचार करायला वेळ नव्हता. ब्लाझ होडीपाशी थांबला. नीवेस मागे एकटी, आडवी. वाटेतल्या पुलावर वारा गाडीला बाजूला ढकलत होता. फ्रानेनं दोन्ही हातांनी चाक आवळून धरलं आणि नजर रस्त्यावरून हलवली नाही. मागून लेकीचा आक्रोश येत होता.

मग आक्रोश थांबला.

ती हळू आवाजात काहीतरी बोलत होती. प्रार्थना करत असेल, त्याला वाटलं.

मागे बघायची त्याची छाती झाली नाही.

साडेचारला मुलगी झाली. दोघी सुखरूप. फ्राने इस्पितळाच्या भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. डोळे पुसताना त्याला येरे आठवला. परत गेल्यावर त्याची तक्रार करायचीच, त्यानं ठरवलं. लेकीच्या जिवाशी खेळ म्हणजे काय!

आत नीवेस उशीला टेकून बसली होती. तिनं बाळ त्याच्याकडे दिलं आणि थकलेलं हसली.

"तुझ्यामुळे निभावले हं, बाबा. सगळा रस्ता माझा हात सोडला नाहीस."

फ्राने बाळाला घेऊन तिच्या खाटेच्या कडेला टेकला.

"मी काय काय बडबडत होते, तू नुसती मान हलवत होतास. म्हटलं, बोल की काहीतरी." तिनं त्याची बोटं हातात घेतली आणि तिच्या कपाळावर आठी पडली. "आता ऊबदार आहे. तेव्हा किती गार होता रे तुझा हात." मग काहीतरी आठवून तिनं वर पाहिलं. "आणि बाबा, पुढे चालवत कोण होतं? त्यांना आत तरी बोलव, एकदाही मागे वळून बघितलं नाही बिचाऱ्यांनी."